रद्दीत गेलेला बुधवार

मैत्रिणींनो, दिवाळीआधीची साफसफाई हा आपल्या सगळ्यांच्याच घरातला सण. पदर खोचायचा, डोक्याला फडके बांधायचे आणि ‘यंदा काही म्हणजे काही ठेवणार नाही’ असे म्हणत माळ्यावर चढायचे. यंदा मीही तशीच चढले. उतरले तेव्हा घर स्वच्छ झाले होते आणि एक मोठी चूक माझ्या हातून होऊन गेली होती. ती चूक आज तुम्हाला सांगणार आहे. तुमच्याही घरी एखादा गठ्ठा बांधून तयार असेल, तर तो देण्याआधी हे वाचा.

आमचे घर सांगलीच्या गावभागात, नदीपासून फार लांब नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी धरतात, यावरून काय ते समजा. आमच्या सोप्यात कमरेच्या वर पाणी होते. गाद्या, कपाटे, मिक्सर, माझी बी.ए.ची पुस्तके, सगळ्याचा चिखल झाला. वाचले ते फक्त माळ्यावरचे. तेव्हापासून आमच्याकडे जे जे जपायचे ते माळ्यावर जाते. आणि खरे सांगायचे तर जे टाकवत नाही तेही माळ्यावरच जाते. पाच-सहा वर्षांत दोन्हींची अशी मिसळ झाली की कोणते जपायचे आणि कोणते टाकायचे हे कुणालाच सांगता येईना.

त्यात माझी घाई. मी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्यायचे तितक्याच तासांचे पैसे. दिवाळीची सुट्टी लागली की शाळेबरोबर माझ्या पगारालाही सुट्टी! सहामाहीचे पेपर तपासायचे होते, चकलीची भाजणी दळून आणायची होती आणि रद्दीवाले काका दारात उभे होते. जुनी पंचांगे, कालनिर्णयाच्या घड्या, पिवळी पडलेली दिवाळी अंकांची चळत, सगळे सुतळीने बांधले आणि वजनाला लावले. अकरा किलो भरले. चौदा रुपये किलोने एकशे चौपन्न रुपये आले. मी ते पैसे डब्यात टाकले आणि ‘सुटले बाई’ म्हटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई माळ्याच्या शिडीपाशी उभ्या. गुडघ्यांमुळे त्यांना चढता येत नाही.

“अगं, पंचांगांचा गठ्ठा खाली घेतलास का?”

“हो आई. दिला की काल रद्दीत.”

त्या काहीच बोलल्या नाहीत. शिडीचा कठडा तेवढा धरला. मग हळूच म्हणाल्या, “त्यात माझी वही होती गं एक. निळ्या पुठ्ठ्याची.”

“हिशेबाची?”

“नाही. गाण्यांची.”

आता इथे थोडे मागे जायला हवे, कारण ‘गाण्यांची वही’ हा शब्द आमच्या घरात त्या आठवड्यात दुसऱ्यांदा निघाला होता.

पहिल्यांदा निघाला तो माझ्या लेकीमुळे. मनू सातवीत आहे. सध्या तिच्या डोक्यात बीटीएस हे कोरियन गाणाऱ्या मुलांचे टोळके बसले आहे. सात जण आहेत. 2013 मध्ये त्यांनी सुरुवात केली. मधे प्रत्येकाला आपापली लष्करी सेवा करून यावे लागले, कारण तिकडे तरुण मुलांना ती सक्तीचीच असते. हे सगळे मला पाठ झाले आहे, कारण भाकरी थापताना मला तेच ऐकावे लागते. या गाण्यांपायी मनूने एक वही केली. त्यात ती कोरियन अक्षरे गिरवते. सहामाहीत गणितात पन्नासपैकी सव्वीस मिळाले आणि माझे डोके फिरले. वही उचलली आणि कपाटावर टाकली. “आता वार्षिक परीक्षेनंतरच,” असे बजावले. मनू रडली नाही. नुसती गप्प झाली. रडली असती तर मला बरे वाटले असते.

म्हणजे पाहा, एका आठवड्यात मी घरातल्या दोन बायकांच्या दोन वह्या हलवल्या. एक जाणूनबुजून, एक न कळत.

मी चपला सरकवल्या आणि रद्दीच्या दुकानाकडे धावले. मनूही मागून आली. काकांनी गठ्ठा सोडलेला होता. पंचांगे एका बाजूला, मासिके दुसऱ्या बाजूला. ढिगाऱ्यात शोधता शोधता निळा पुठ्ठा दिसला. मी देवाचे नाव घेतले. पण हातात घेतली तर वही अर्धीच. पुढची पाने नाहीत.

“सुट्टे कागद वडेवाला घेऊन गेला की सकाळी,” काका ओशाळून म्हणाले. त्यांचा तरी काय दोष? माल विकून त्यांनी माल ठेवून थोडाच घ्यायचा! गाड्यावर गेलो. वडेवाल्याने बिचाऱ्याने उरलेले कागद काढून दाखवले. त्यात दोन पाने मिळाली. एकावर तेलाचा डाग. बाकीची पाने सांगलीकरांनी वड्याबरोबर घरी नेली होती.

घरी आल्यावर सासूबाईंच्या पुढ्यात ती अर्धी वही ठेवताना माझे हात थरथरत होते. त्या रागावल्या नाहीत. चष्मा लावला, पाने चाळली आणि म्हणाल्या, “एकोणऐंशीपासूनचं आहे. पंच्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर गेलं.” जसे काही कुणी दूरचे नातेवाईक गेले.

ती वही होती गीतमालेची. तुमच्यातल्या कित्येकींच्या आईने, आजीने ती ऐकली असेल. बिनाका गीतमाला हा हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम 1952 मध्ये रेडिओ सिलोनवरून सुरू झाला. दर बुधवारी रात्री आठला. त्या काळात आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली होती. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर हे आपले पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी, आणि सिनेसंगीत म्हणजे त्यांना हलके वाटे. झाले काय, तर लोकांनी रेडिओचा काटा सरळ सिलोनकडे फिरवला! कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून लघुलहरींवर तो पुन्हा आपल्या घरात यायचा. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली ती काही अंशी या गेलेल्या श्रोत्यांना परत बोलावण्यासाठीच. गीतमाला मात्र सिलोनवर चालतच राहिली आणि 1989 मध्ये ती विविध भारतीवर आली. निवेदक अमीन सयानी. 2024 च्या फेब्रुवारीत एक्क्याण्णवाव्या वर्षी ते गेले, त्या दिवशी सासूबाईंनी टी.व्ही.वरची बातमी पुन्हा पुन्हा लावून पाहिली होती. मला तेव्हा त्याचे काही वाटले नव्हते. ऐकणाऱ्यांना हाक मारताना बहिणींना आधी आणि भावांना नंतर, अशी त्यांची पद्धत. सासूबाई म्हणतात, “आमच्या घरात बायकांना आधी हाक मारणारा तो एकटाच पुरुष होता.”

सासूबाईंचे माहेर तासगावचे. वडील कडक. घरात मर्फीचा रेडिओ होता, पण तो बातम्यांसाठी आणि भजनासाठी. रेडिओला तेव्हा लायसन लागे, पोस्टात जाऊन फी भरावी लागे. “मी फी काय सिनेमाच्या गाण्यांसाठी भरतो का?” असे वडील म्हणत. तेव्हा सासूबाई बुधवारी रात्री शेजारच्या वहिनींकडे ‘विणकाम शिकायला’ जात. पंधराव्या वर्षापासून सहा वर्षे दर बुधवारी! त्यांना विणकाम आजही धड येत नाही, यावरून काय ते ओळखा. गीतमालेत गाण्यांना नंबर असत, त्यांना ‘पायदान’ म्हणत. खालून वर चढत चढत शेवटी पहिला नंबर. कोणते गाणे चढले, कोणते घसरले, हे सगळे त्या घरी येऊन वहीत उतरवून काढत. तारीख, नंबर, गाणे, सिनेमा, गाणारे, संगीतकार. रकाने पट्टीने आखलेले. अक्षर मोत्यासारखे.

मनू तोंडाचा चंबू करून ऐकत होती. “म्हणजे आजी, तू चार्ट ठेवत होतीस?”

“चार्ट म्हणजे काय ते मला माहीत नाही. मी नंबर ठेवत होते.”

“तेच गं आजी! तेच!”

मनूने लगेच परीक्षा घेतली. वर्षाच्या शेवटी वर्षभरातल्या गाण्यांची मोठी यादी लागत असे, त्या याद्या आता मोबाइलवर सापडतात. “आजी, 1976 चा पहिला नंबर?” “‘कभी कभी’ सिनेमाचं नावाचंच गाणं. मुकेश.” “1980?” “‘सरगम’. रफी आणि लता. त्याच्यावर आमच्या गल्लीतली पोरं डफली घेऊन नाचायची.” दोन्ही बरोबर. गेलेल्या पानांतले पुष्कळसे सासूबाईंच्या डोक्यात शाबूत आहे, हे ऐकून माझ्या जिवाला जरा बरे वाटले. पण ते बरे वाटणे पाच मिनिटेच टिकले.

कारण मग वहीची शेवटची पाने आली.

1981 च्या मे महिन्यात सासूबाईंचे लग्न झाले आणि त्या या घरात आल्या. त्यानंतरच्या चार पानांवर तारखा आहेत, गाणी आहेत, पण नंबरच्या रकान्यात नुसती रेघ आहे. प्रत्येक ओळीला रेघ.

“हे असं का?” मी विचारले.

“रेडिओ सोप्यात असायचा. मामंजी, दीर, हे, सगळे तिथं बसून ऐकायचे. बुधवारी आठला मी तव्यापाशी. दोन खोल्या पलीकडं. गाणं ऐकू यायचं, पण मधलं बोलणं भाकरीच्या थापण्यात कळायचं नाही. मग गाणं लिहायची आणि नंबर मोकळा सोडायची. वाटायचं, कुणाला तरी विचारू.”

“मग विचारलंत?”

“नव्या सुनेनं जाऊन काय विचारायचं? गाण्याचा नंबर किती म्हणून?” त्या हसल्या. “मग सोडून दिलं लिहायचं. वही तेवढी ठेवली.”

मैत्रिणींनो, मी तुम्हाला खरे सांगते, सासूबाईंशी माझे फार गोड आहे असे नाही. आमच्यात मीठ कमी-जास्त होण्यावरून होते, देवघरातल्या दिव्यावरून होते, मी शाळेत जाते त्यावरूनही झालेले आहे. “चार तासांसाठी एवढी धावपळ कशाला?” हे मी बारा वेळा ऐकले आहे. पण त्या रेघा पाहिल्या आणि मला वाटले, या बाईला मी तेरा वर्षे ओळखते आणि मला त्यांचे आवडते गाणेसुद्धा माहीत नव्हते. चहात साखर किती हे माहीत, गुडघ्याच्या गोळीची वेळ माहीत, आवड मात्र माहीत नाही.

आणि माझी आवड? कॉलेजात असताना मी नाटकवेडी होते. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ केले ते याच सांगलीत, तेव्हा इथल्या मुलीला नाटकाचे वेड नसले तर नवल. प्रत्येक नाटकाच्या तिकिटाचे अर्धुक मी एका डब्यात ठेवत असे. लग्न ठरल्यावर तो डबा मी स्वतःच रिकामा केला. कुणी सांगितले नव्हते. ‘आता काय हे पोरकट’ असे माझे मलाच वाटले. सासूबाईंचे नंबर निदान भाकरीने नेले, माझी तिकिटे मीच केरात टाकली. आणि आता मनूची वही कपाटावर ठेवणारीही मीच.

सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा हे डोक्यात होतेच. आठवीच्या वर्गाला मी निबंधाचा विषय दिला, ‘माझे वेड’. ‘माझा आवडता छंद’ दिला की वाचन आणि बागकाम हे ठरलेले असते, म्हणून मुद्दाम ‘वेड’ म्हटले. काय एकेक निबंध आले! एका मुलाला सांगली स्टँडवरून सुटणाऱ्या एस.टी. गाड्यांच्या वेळा पाठ आहेत. एकीने जपानी कार्टूनमधल्या माणसांचे वंशवृक्ष काढून दिले. एकाला जुन्या मराठी सिनेमांतले विनोदी संवाद आवाजासकट येतात. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या, पण भाषा कशी जिवंत! नेहमी चार ओळींत आटोपणाऱ्या मुलांनी दोन-दोन पाने लिहिली. एका हुशार मुलीने मात्र तीनच ओळी लिहिल्या होत्या. ‘मला वेड नाही. आई म्हणते दहावीनंतर. मग बाबा म्हणतात बारावीनंतर.’ त्या निबंधाला गुण किती द्यायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याच संध्याकाळी मी कपाटावरची वही काढली आणि मनूच्या हातात दिली. कोणतीही अट घातली नाही. गणित गणिताच्या जागी, वही वहीच्या जागी. गणितासाठी सकाळी सहा ते पावणेसात आम्ही दोघी बसतो. त्याचा उपयोग किती होतो ते वार्षिक परीक्षेत कळेल, आत्ताच फुशारकी मारत नाही. पण वही परत मिळाल्यावर मनूने मला पहिल्यांदा ती उघडून दाखवली. पंधराव्या शतकात सेजोंग नावाच्या राजाने सामान्य माणसांना लिहितावाचता यावे म्हणून ही लिपी करवली, मूळ अक्षरे चोवीसच, असे तिनेच मला समजावले. आपल्यासारखीच व्यंजनाला स्वराची जोड देऊन तिकडेही अक्षर बनते. आणि गंमत म्हणजे कोरियन मुले वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात! हे ऐकून सासूबाई इतक्या खूष झाल्या, की काय सांगू. आमच्या सासऱ्यांना सगळे आप्पाच म्हणायचे. “म्हणजे आपलीच माणसं म्हणायची!” असा निकाल देऊन त्या मोकळ्या झाल्या.

मग आम्ही एक ठरवले. बुधवारी आठ ते साडेआठ ही वेळ घरातल्या बायकांची. भाकऱ्या साडेसातच्या आत होतात. नाही झाल्या तर ‘हे’ डबा उघडून चपाती घेतात. एक बुधवार सासूबाईंच्या गाण्यांचा, एक मनूच्या टोळक्याचा, एक माझा. ह्यांनी सुरुवातीला कुरकूर केली. “बुधवारी मॅच असली तर?” म्हणाले. “तर अर्धा तास उशिरा बघायची,” असे मी नाही, सासूबाईंनी सांगितले, आणि आपल्या आईपुढे ह्यांचे काही चालत नाही. आतापर्यंत चार बुधवार झाले. त्यातला एक पाहुण्यांनी खाल्ला. माझ्या बुधवारी काय करायचे हे मला पहिल्यांदा सुचेचना, नुसतीच बसून राहिले. पण पुढच्या वेळी भावे नाट्यमंदिरात काय लागले आहे ते पाहून ठेवणार आहे.

नंबरांच्या त्या रेघा अजून तशाच आहेत. वर्षाच्या याद्या सापडतात, पण दर आठवड्याचे नंबर मनूला सापडलेले नाहीत. सासूबाई म्हणतात, “राहू दे. तेव्हा नव्हते ऐकू आले, ते नव्हते.”

आता नेहमीप्रमाणे थोडे कामाचे. आमच्या चुकीतून शिकलेले:

• रद्दीचा गठ्ठा बांधून झाला की लगेच देऊ नका. दोन दिवस सोप्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, एकदा चाळायला सांगा.

• जुन्या वहीच्या गंजलेल्या टाचण्या आणि पिना हलक्या हाताने काढा. गंज कागद खातो. त्या जागी सुती दोऱ्याने सैल टाका घाला.

• फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग सोडते. लॅमिनेशनही नको, एकदा केले की सुटत नाही.

• दमट पाने उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, मधे कोरे कागद घालून वाळवा. तेलाच्या डागाचा कागद इतर पानांपासून वेगळा ठेवा.

• पूर्ण वाळल्यावर वही सुती कापडात गुंडाळा, जवळ वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांची पुरचुंडी ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा उघडून वारा द्या. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

• आणि सगळ्यात आधी, दिवसाच्या उजेडात मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या. हे मी आधी केले असते, तर पंच्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर आज आमच्या घरात असते.

आमची निळी वही आता माळ्यावर नाही. ती सासूबाईंच्या उशापाशी, गोळ्यांच्या डब्याशेजारी असते. पूर आला तर आधी कोण ती उचलणार, हेही मनूने ठरवून टाकले आहे.

तुमच्या माळ्यावर काय आहे? एकदा सासूबाईंना, आईला विचारून पाहा. आणि हो, स्वतःलाही विचारा.